खासगी क्षेत्र म्हणजे नक्की कोण? बुधवार पेठेतल्या गल्ल्या आणि एका बँकेची गोष्ट

पुण्याच्या बुधवार पेठेत अप्पा बळवंत चौकात पुस्तकं मिळतात, तपकीर गल्लीत वायर, स्विच आणि एलईडी दिव्यांचे घाऊक विक्रेते बसतात आणि तुळशीबागेत भातुकलीच्या भांड्यांपासून कानातल्यांपर्यंत सगळं मिळतं. ही सगळी दुकानं खासगी आहेत. पण 'खासगी क्षेत्र' हा शब्द बातमीत आला की यातलं एकही दुकान आपल्या डोळ्यांसमोर येत नाही. आठवतात ते टाटा, अंबानी, अदानी, फार तर हिंजवडीतल्या आयटी कंपन्या.

म्हणूनच सोशल मीडियावर दर काही दिवसांनी रंगणारा 'सरकारी की खासगी' हा वाद बहुतेक वेळा भरकटतो. एका बाजूला 'सरकारी बँकेतला लंच टाइम'चे मीम, दुसऱ्या बाजूला 'देश विकायला काढलाय'च्या पोस्ट. देशाच्या अर्थव्यवस्थेत खासगी क्षेत्र नेमकं काय करतं आणि सरकार काय करतं, हे बुधवार पेठेतून जास्त स्पष्ट दिसतं.

खासगी क्षेत्रात कोण कोण येतं?

ज्या धंद्याची मालकी सरकारकडे नाही, तो खासगी. व्याख्या इतकी सोपी आहे. त्यात शेअर बाजारातली बलाढ्य कंपनी येते, तसा चौकातला झेरॉक्सवालाही येतो. भारतात एकूण मूल्यवर्धनात सरकारी क्षेत्राचा वाटा साधारण पाचवा हिस्सा आहे, बाकीचं खासगी. आणि या 'बाकी'तला मोठा भाग कंपनी म्हणून नोंदच न झालेल्या धंद्यांचा आहे.

केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाने ऑक्टोबर २०२३ ते सप्टेंबर २०२४ या काळात केलेल्या सर्वेक्षणात शेती आणि बांधकाम सोडून असे ७.३४ कोटी उद्योग-व्यवसाय मोजले गेले. त्यात १२.०६ कोटी लोक काम करत होते. यातल्या बहुतेक ठिकाणी पगारी माणूसच नसतो. मालक, त्याची बायको, भाऊ, मुलगा यांच्यावरच दुकान चालतं.

जाता जाता शब्दाबद्दल. पेशवाईत 'खासगी' म्हणजे राज्यकर्त्याच्या घरचा खर्च आणि मिळकत पाहणारं खातं. 'खासगीवाले' हे पुण्यातलं आडनाव त्यावरूनच आलं. म्हणजे तेव्हाचं 'खासगी' खातं दरबाराच्याच पोटात होतं. पेठा वसवतानाही दरबार शेटे-महाजन नेमायचा आणि व्यापाऱ्यांनी यावं म्हणून सुरुवातीची काही वर्षं करात सूट द्यायचा. नवी एमआयडीसी काढताना सरकार उद्योजकांना जे देतं, त्याच्याशी हे बरंचसं जुळतं.

सरकारी पुस्तक, खासगी दुकान

जून महिन्यात अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा नसते. तिथे विकलं जाणारं शालेय पाठ्यपुस्तक तयार करते ती 'बालभारती', म्हणजे २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेलं राज्याचं पाठ्यपुस्तक मंडळ. ते छापण्याचं काम निविदा काढून खासगी छापखान्यांना दिलं जातं, विकतो खासगी दुकानदार. त्याच्या शेजारच्या थप्पीतलं गाईड आणि '२१ अपेक्षित' मात्र पूर्णपणे खासगी. पाठ्यपुस्तकाची किंमत सरकारने आटोक्यात ठेवली म्हणून ते गरीब मुलाच्या हाती पडतं. गाईडचा बाजार त्याच पुस्तकावर उभा राहतो आणि अभ्यासक्रम बदलला की वर्षभराचा माल रद्दीत जातो.

जमिनीखाली गेलात तरी तेच. आराखड्यात 'बुधवार पेठ' नाव असलेलं आणि आता 'कसबा पेठ' म्हणून ओळखलं जाणारं भुयारी स्थानक ज्या मार्गावर आहे, तो सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट टप्पा २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला. महामेट्रो ही केंद्र आणि राज्य सरकारची निम्म्या-निम्म्या भागीदारीची कंपनी. बोगद्याचं कंत्राट टाटा प्रोजेक्ट्स आणि गुलेरमाक या तुर्की कंपनीकडे होतं. हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रो मात्र सार्वजनिक-खासगी भागीदारीतली आहे, टाटा आणि सीमेन्स यांच्याकडे. एकाच शहरात दोन मेट्रो, दोन वेगळी गणितं.

एक बँक, तीन जन्म

पण 'सरकारी की खासगी' हा प्रश्न खरा जिवावर येतो तो कर्जाच्या वेळी. त्यासाठी बुधवार पेठेच्या हद्दीत बाजीराव रोडवर शाखा असलेल्या बँक ऑफ महाराष्ट्रची गोष्ट पाहायला हवी. आज पंचविशीत असलेल्या अनेकांना ही बँक जन्मापासूनच सरकारी वाटते. तशी ती नाही.

१६ सप्टेंबर १९३५ रोजी १० लाख रुपयांच्या अधिकृत भांडवलावर तिची नोंदणी झाली आणि ८ फेब्रुवारी १९३६ रोजी कामकाज सुरू झालं. संस्थापकांत होते अर्थशास्त्राचे प्राध्यापक वा. गो. काळे आणि डी. के. साठे. म्हणजे पुण्यातल्या मंडळींनी भागभांडवल उभारून काढलेली ही खासगी कंपनी. मोठ्या बँका मुंबईत आणि बड्या गिरण्यांकडे बघणाऱ्या. पेठेतल्या छोट्या व्यापाऱ्याला, कारखानदाराला उभं करणारं कुणी हवं होतं. ही पोकळी सरकारने नव्हे, खासगी भांडवलानेच भरली. खासगी क्षेत्राच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे उदाहरण जास्त वापरायला हवं, पण ते कुणी वापरत नाही.

मग १९६९ मध्ये असं काय झालं?

त्या काळी खासगी बँक बुडाली की ठेवीदारही बुडायचा. १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक कोसळली. त्यातूनच १ जानेवारी १९६२ पासून देशात ठेवींना विमा आला. तेव्हा मर्यादा होती फक्त १,५०० रुपये. दुसरी तक्रार कर्जाची होती. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात बँकांच्या एकूण कर्जातला शेतीचा वाटा जेमतेम २ टक्क्यांच्या आसपास होता. कर्ज उद्योगांना, त्यातही बँकेच्या संचालकांशी लागेबांधे असलेल्या घराण्यांना जातं, असा आरोप संसदेत होत होता.

१९ जुलै १९६९ रोजी इंदिरा गांधींच्या सरकारने १४ मोठ्या बँका ताब्यात घेतल्या. निकष होता ५० कोटी किंवा त्याहून जास्त ठेवी. बँक ऑफ महाराष्ट्र त्यात होती. आर. सी. कूपर हे भागधारक न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९७० मध्ये तो कायदा रद्द केला आणि सरकारने चारच दिवसांत नवा अध्यादेश आणला.

या निर्णयात राजकारण होतंच. काँग्रेसमधल्या भांडणात इंदिरा गांधींना ते हवं होतं. पण त्यामागे पुण्याचाच एक विचारही होता. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ तेव्हा नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. त्यांच्या अभ्यासगटाने सुचवलं की प्रत्येक जिल्ह्याची पतपुरवठ्याची जबाबदारी घ्यायला एक बँक हवी. तीच 'अग्रणी बँक' योजना. पुणे जिल्ह्याची अग्रणी बँक आजही बँक ऑफ महाराष्ट्रच आहे.

परिणाम आकड्यांत दिसतो. जून १९६९ मध्ये देशात ८,२६२ बँक शाखा होत्या, म्हणजे ६५,००० लोकांमागे एक. १९९० च्या सुमारास त्या ६०,००० च्या घरात गेल्या. तालुक्याच्या गावात, नफा दिसत नसतानाही शाखा उघडायला लावणं खासगी मालकाला शक्य झालं असतं का? बहुधा नाही. पण याच काळात थकलेली कर्जं, कर्जमाफीची राजकीय सवय आणि काउंटरवरचा तो प्रसिद्ध अनुभव, हेही आलं.

परवान्यातलं खासगी क्षेत्र

याच काळात उरलेलं खासगी क्षेत्र कितपत खासगी होतं, हाही प्रश्नच आहे. आकुर्डीत बजाज स्कूटर बनायची. किती बनवायच्या हे ठरायचं दिल्लीत, परवान्यात. मागणी कितीही असली तरी परवान्याबाहेर उत्पादन वाढवता येत नव्हतं, त्यामुळे नंबर लावल्यावर स्कूटर मिळायला दहा-दहा वर्षं लागल्याच्या गोष्टी घरोघरी आहेत. कारखाना खासगी, मालक खासगी, पण धंद्यातला मुख्य निर्णय सरकारी. स्पर्धा नाही म्हणून गाडी सुधारण्याची घाईही नाही. १९९१ च्या उदारीकरणाने हे जोखड काढलं आणि काही वर्षांतच ग्राहकाच्या मागे धावायची वेळ कंपन्यांवर आली.

बँकांतही दार उघडलं. १९९३ मध्ये नव्या खासगी बँकांना परवाने द्यायचं धोरण आलं, त्यातून एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक उभ्या राहिल्या. सरकारी बँकांना ५१ टक्के मालकी सरकारकडे ठेवून बाकी शेअर विकायची मुभा मिळाली. २००४ मध्ये बँक ऑफ महाराष्ट्र शेअर बाजारात आली. हा तिचा तिसरा जन्म : सरकारी, पण काही शेअर तुमच्या-आमच्या डिमॅट खात्यात.

तोटा कुणाचा?

बुडीत कर्जं वाढल्यामुळे जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने या बँकेवर कर्जवाटपाचे निर्बंध घातले. ते जानेवारी २०१९ अखेर उठले. त्या पाच-सहा वर्षांत सरकारने सगळ्या सरकारी बँकांत मिळून तीन लाख कोटी रुपयांहून जास्त भांडवल ओतलं. हा पैसा करदात्याचा. थकवलेली कर्जं मात्र बहुतांशी मोठ्या खासगी कंपन्यांची होती : पोलाद, वीज, रस्ते. नफा कंपनीचा आणि तोटा लोकांचा, असं यातून झालं.

खासगी बँकेत असं होत नाही? मार्च २०२० मध्ये येस बँक अडचणीत आली, तेव्हा तिला सावरायला पुढे केली गेली ती स्टेट बँक. म्हणजे शेवटची उशी इथेही सरकारचीच. पुण्याच्या रुपी सहकारी बँकेच्या ठेवीदारांच्या नशिबात तीही नव्हती. फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये बँकेचा परवानाच गेला.

पाटी पाहून मालक ओळखायला गेलात तर फसाल, असंही एक उदाहरण आहे. आयडीबीआय बँकेला रिझर्व्ह बँक २०१९ पासून 'खासगी बँक' मानते, कारण एलआयसीने तिचे ५१ टक्के शेअर घेतले. एलआयसी कुणाची? सरकारची.

बाहेरच्या देशांतही चित्र असंच मिसळलेलं आहे. नॉर्वेत इक्विनॉर या तेल कंपनीचे ६७ टक्के शेअर सरकारकडे आहेत. साम्यवादी चीनमध्ये खासगी क्षेत्राचा जीडीपीतला वाटा ६० टक्क्यांहून जास्त असल्याचं तिथलं सरकारच सांगतं.

आता पुढे काय?

फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात दोन सरकारी बँकांचं खासगीकरण करण्याची घोषणा झाली. त्यानंतरच्या बातम्यांत संभाव्य नावांमध्ये बँक ऑफ महाराष्ट्रचंही नाव होतं. त्यासाठी ५१ टक्क्यांची अट काढणारा कायदाबदल लागतो. विधेयक त्या वर्षीच्या हिवाळी अधिवेशनाच्या यादीत होतं, पण मांडलं गेलं नाही. दरम्यान सरकारचा हिस्सा वेगळ्या वाटेने कमी होत गेला. २०२३ च्या सुरुवातीला तो ९० टक्क्यांवर होता, ऑक्टोबर २०२४ मध्ये संस्थात्मक गुंतवणूकदारांकडून ३,५०० कोटी रुपये उभारल्यावर ८० टक्क्यांच्या खाली आला.

समजा उद्या बँक खासगी झालीच, तर कुणाला काय फरक पडेल?

तपकीर गल्लीतल्या दुकानदाराच्या कर्जाचं काही प्रमाणात संरक्षण राहील. एकूण कर्जाच्या ४० टक्के रक्कम शेती, लघुउद्योग अशा प्राधान्य क्षेत्रांना आणि त्यातले ७.५ टक्के सूक्ष्म उद्योगांना देण्याचं बंधन खासगी बँकांनाही आहे. पण उद्दिष्ट कसं पूर्ण करायचं हे बँक ठरवते. उलाढाल कागदावर नसलेल्या दुकानदाराला उभं करायचं की ज्याचं जीएसटी विवरण चोख आहे त्यालाच द्यायचं, हा फरक शाखेतल्या टेबलावर पडतो. नोकरी शोधणाऱ्यांसाठी फरक थेट आहे. अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसींचं आरक्षण सरकारी बँकेत असतं, खासगी बँकेवर त्याचं बंधन नाही. तोट्यातल्या शाखा किती दिवस चालू राहतील, हे नवा मालक ठरवेल. अॅप आणि ग्राहकसेवा कदाचित सुधारेल.

ठेवीदारांसाठी विम्याचा नियम मात्र बदलत नाही. सरकारी, खासगी किंवा सहकारी, विमा घेतलेली कोणतीही बँक बुडाली तरी एका बँकेत एका व्यक्तीच्या सगळ्या खात्यांची मिळून, व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंतचीच रक्कम विम्यात बसते. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून आहे. त्याआधी ती १ लाख होती.