ऑर्गन दुरुस्त करायचा, पण कोणत्या सालचा?

आपल्याकडे ऑर्गन म्हटले की संगीत नाटकातला, पायाने भाता मारायचा ऑर्गन आठवतो. त्यात धातूच्या पत्त्या कंप पावतात. युरोपातील चर्चमधला नळ्यांचा ऑर्गन निराळा. त्याच्या बहुतेक नळ्या म्हणजे भात्याने फुंकलेल्या शिट्ट्याच होत.

नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन शहरात ‘देर आ-केर्क’ हे मध्ययुगीन चर्च आहे. आता तिथे नियमित उपासना होत नाही. मैफली व प्रदर्शने होतात. आर्प श्निटगर या जर्मन कारागिराने 1697 मध्ये येथे बांधलेला ऑर्गन 1710 मध्ये मनोरा कोसळून नष्ट झाला. पुढे 1815-16 मध्ये त्याच श्निटगरने शहरातील दुसऱ्या चर्चसाठी 1702 साली बांधलेला ऑर्गन इथे आणून बसवण्यात आला. एकोणिसाव्या शतकात टिंपे आणि व्हान उकेलेन या कारागिरांनी तत्कालीन आवडीप्रमाणे त्यात बदल केले.

विसाव्या शतकाच्या अखेरीस जीर्णोद्धाराची वेळ आली आणि वाद पेटला. एक पक्ष म्हणे, श्निटगरचा 1702 चा ऑर्गन परत आणा. दुसरा म्हणे, नंतरचे बदलही इतिहासच आहेत.

वाद भावनेचा वाटतो, पण त्याचे मूळ नळीतच आहे. दोन्ही टोकांना उघड्या नळीची वारंवारता म्हणजे ध्वनीचा वेग भागिले लांबीची दुप्पट. 2.4 मीटर लांबीच्या नळीसाठी 340 भागिले 4.8, म्हणजे सुमारे 70 हर्ट्झ. (परीक्षानळीत पाणी भरत फुंकले, तर हवेचा स्तंभ आखूड होऊन सूर कसा चढतो, हे वर्गात सहज दाखवता येते. मात्र ती नळी एका टोकाला बंद असते, म्हणून तिथे लांबीची चौपट घ्यावी.) नळी कापली की सूर चढतो, तुकडा डाकून तो पुन्हा उतरवता येतो. नळीच्या तोंडाचे मात्र तसे नाही. वरचा ओठ थोडासा जरी कापला, तरी आवाजाचा पोतच बदलतो आणि तिथे पुन्हा धातू जोडला, तरी मूळचा ओठ परत येत नाही. मग 1702 चा नाद आणायचा, तर एकोणिसाव्या शतकातील अस्सल नळ्या काढून आजच्या नकला बसवाव्या लागणार! शिवाय, श्निटगर स्वतः जुन्या ऑर्गनमधील नळ्या पुन्हा वापरत असे.

अखेर राइल या संस्थेने 2011 मध्ये काम पूर्ण केले, ते नंतरचे थर राखून. मला हा निर्णय पटतो. श्निटगरच्या चाहत्यांची हळहळ मात्र समजू शकते.