शीआन : पोथ्यांसाठी उभारलेला मनोरा

शीआनला जाणारा प्रवासी बहुधा प्रथम १९७४ साली सापडलेली मातीच्या सैनिकांची फौज पाहतो. ती मृत सम्राटाच्या रक्षणासाठी घडवलेली. याच नगरीतला ‘महा वन्यहंस पॅगोडा’ मात्र ग्रंथरक्षणासाठी उभा राहिला.

शीआन म्हणजे प्राचीन छांगआन. इ. स. ६४५ मध्ये ह्युएन त्सांग भारतातून ६५७ ग्रंथ घेऊन येथे परतला. ६४६ मध्ये त्याचे प्रवासवर्णन येथेच सिद्ध झाले. पुलकेशीचा महाराष्ट्र आणि तेथील मानी माणसे त्यात भेटतात. पोथ्यांच्या जतनासाठी ६५२ मध्ये हा मनोरा बांधण्यात आला. पुढे त्याची पुनर्बांधणी झाली. आज तो सात मजली आहे. पायथ्याशी ६५३ मधील शिलालेख आहे. सम्राट ताई-त्सुंगने ह्युएन त्सांगच्या अनुवादांना लिहिलेली प्रस्तावना त्यावर कोरली आहे.

६६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत ह्युएन त्सांग अनुवादकार्यात मग्न होता. ‘महाविभाषा’ हा प्रचंड ग्रंथ संस्कृतात आज उपलब्ध नाही. तो संपूर्ण वाचायचा तर त्याच्याच चिनी अनुवादातून. अनुवादाला दुय्यम साहित्य मानणाऱ्या आपल्या अभ्यासक्रमांनी या मनोऱ्याची दखल घ्यायला हवी.