सर्पगंधेचे मूळ आणि मुंबईचा डॉक्टर

उन्माद व निद्रानाशावर सर्पगंधेचे मूळ देण्याची प्रथा भारतात फार जुनी. पण जुनेपणा म्हणजे पुरावा नव्हे. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळाने रक्तदाबही उतरतो, असे लिहिले. पाश्चात्त्य वैद्यकाने फारशी दखल घेतली नाही. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरील निरीक्षणे ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा जगाचे लक्ष वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी त्या मुळातून रेसर्पिन वेगळे केले. पुढे काही रुग्णांत नैराश्य दिसू लागले आणि त्याचा वापर ओसरला. परंपरेने मूळ हाती दिले. त्याचे गुण आणि दोष मात्र काटेकोर नोंदींनीच उघड केले.