तळघरातली ओल आणि श्रुतपंचमी



मागच्या सप्टेंबरात आमच्या जुन्या वाड्याच्या तळघरातली ट्रंक उघडली, तर सासूबाईंची स्तोत्रांची वही भिजून पानाला पान चिकटलेले. शाई पसरलेली, कडेला बुरशी. त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवलेली ती वही. दुसरी प्रत कुणाकडेच नाही. फार वाईट वाटले.

तळघर म्हणजे सुरक्षित जागा, हे आपल्या मनात पिढ्यान्‌पिढ्या बसलेले. चोरी, आग, धामधूम यांच्या भीतीने मूर्ती आणि पोथ्या भुयारात ठेवत. जैसलमेरच्या किल्ल्यातला १५व्या शतकातला जिनभद्रसूरी ज्ञानभांडार असाच मंदिराच्या तळघरात आहे. तिथली हवा वाळवंटाची, कोरडी, म्हणून ताडपत्रे टिकली. पण सगळीकडे वाळवंट कुठे?

दक्षिणेत मूडबिद्रीला धो धो पाऊस. षट्खंडागमावरच्या वीरसेनाचार्यांच्या धवला टीकेच्या जुन्या ताडपत्री प्रती तिथल्या सिद्धांत बसदीत होत्या. लोक दर्शन घेऊन परतत, वाचणारे जवळजवळ नव्हतेच. काही ताडपत्रे तुटली, काही नाहीशी झाली. ही स्थिती पाहून मुंबईचे शेठ माणिकचंद आणि आपल्या सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनी नक्कल करून घ्यायचे मनावर घेतले. (उद्योगपती वालचंद हिराचंद हे यांचेच चिरंजीव.) १९व्या शतकाच्या अखेरीस ब्रह्मसूरी शास्त्री आणि गजपती उपाध्याय लिहायला बसले. काम वर्षानुवर्षे चालले.

ग्रंथ बाहेर जाऊ देण्यास मनाई होती. तरी गजपती उपाध्यायांनी गुपचूप आणखी एक कानडी प्रत तयार केली आणि त्यात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची मदत होती. ती प्रत पुढे सहारनपूरला पोहोचली आणि तिथून ग्रंथाचा प्रसार झाला. १९३९ साली डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावतीहून धवलेचा पहिला भाग छापला. एकूण १६ भाग झाले. पुढची आवृत्ती सोलापूरच्याच जैन संस्कृती संरक्षक संघाने काढली. आज आपण मंदिरात ज्याला अर्घ्य चढवतो, त्यामागे एका गृहिणीचेही हात आहेत.

आता श्रुतपंचमीकडे पाहा. षट्खंडागम लिहून पूर्ण झाला त्याची ही ज्येष्ठ शुद्ध पंचमी. त्या दिवशी ग्रंथ बाहेर काढायचे, ऊन-वारा द्यायचा, पुसायचे, नवे वेष्टन बांधायचे. पाऊस तेव्हा दाराशी आलेला असतो. श्वेतांबरांची ज्ञानपंचमी कार्तिक शुद्ध पंचमीला, म्हणजे पाऊस सरल्यावर. एक ओलीच्या आधी, एक नंतर! पूजेच्या जोडीने घराची काळजीही होऊन जाते.

आणि आपल्यासाठी यात दयेचाही प्रश्न आहे. भिंतीवर एकदा बुरशी धरली की ती खरवडणे म्हणजे अनंत जीवांची हिंसा. ती धरूच न देणे, हाच यत्नाचार.

आमचे चुकले ते असे. वाड्याची भिंत दगड-चुन्याची. पाच वर्षांपूर्वी गवंड्याच्या सांगण्यावरून आतून सिमेंटचा गिलावा केला. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट कोंडून ठेवते. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, ते भिंतीत चढले आणि वाट मिळेना. त्यात गच्चीची पन्हळ नेमकी पायाशी पडत होती आणि झरोका आम्हीच पत्र्याने बुजवला होता.

यंदा पन्हळ लांब वळवली, झरोका उघडून जाळी लावली, सिमेंट काढून चुन्याचा गिलावा केला. ट्रंक आता माडीवर, पाटावर, भिंतीपासून हातभर दूर.

आणि वही? जेवढी वाचता आली तेवढी मी नव्या वहीत उतरवली, दोन प्रती केल्या. एक लेकीकडे पाठवली. तीन स्तोत्रे मात्र गेली ती गेलीच.

येत्या श्रुतपंचमीला मंदिरातून आल्यावर आपापली ट्रंक नक्की उघडा.