१२.८ व्होल्ट : एकच आकडा, तीन काळ, तीन निदाने

इंजिन चालू असताना मोटारीच्या बॅटरीवर १२.८ व्होल्ट दिसले, तर त्याचा अर्थ काय? डायनॅमोच्या काळात उत्तर होते, 'इंजिन मंद फिरत असेल, चालायचेच.' अल्टरनेटरच्या काळात उत्तर झाले, 'चार्जिंग बंद आहे.' आजच्या संगणक-नियंत्रित गाडीत मात्र तोच आकडा पुन्हा निर्दोष ठरू शकतो. मापन तेच राहिले, पण त्यामागचे यंत्र बदलले. हा बदल ध्यानात न घेतल्यामुळे चांगल्या बॅटऱ्या आणि चांगले अल्टरनेटर भंगारात जातात.

या इतिहासाचा आरंभ मोटारीच्या आधीचा आहे. १८५९ मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ गास्ताँ प्लाँते यांनी शिशाचे दोन पत्रे सौम्य सल्फ्युरिक आम्लात ठेवून पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारा विद्युतघट तयार केला. १८८१ मध्ये कामीय फोर यांनी पत्र्यांवर शिशाच्या संयुगांचा लेप देऊन त्याची साठवणक्षमता वाढवली. पुढच्याच वर्षी ग्लॅडस्टन आणि ट्राइब या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी त्यामागची प्रक्रिया उलगडली : वीज खर्च होताना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते आणि त्यात आम्ल खर्ची पडते.

निदानाचे पहिले साधन याच तत्त्वावर उभे राहिले. आम्ल खर्ची पडले की द्रवाची घनता कमी होते; म्हणून हायड्रोमीटरने बॅटरीची स्थिती कळते. पूर्ण भरलेल्या बॅटरीतील द्रवाचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.२६५ असते. त्यात ०.८४ मिळवले की एका सेलचे स्थिर व्होल्टेज अंदाजे मिळते : २.१०५. असे सहा सेल म्हणजे १२.६३ व्होल्ट. 'भरलेली बॅटरी १२.६' हा गॅरेजमधील परिचित आकडा असा थेट रसायनशास्त्रातून येतो. १२.० व्होल्टला बॅटरी रिकामी होत आलेली असते. म्हणजे भरलेली आणि रिकामी यांत अंतर केवळ सहा-सात दशांश व्होल्टचे. नुकत्याच थांबलेल्या गाडीत पट्ट्यांच्या पृष्ठभागावरील तात्पुरता चार्ज तेवढा फरक सहज झाकून टाकतो. त्यामुळे काही तासांच्या विश्रांतीनंतरचेच मापन ग्राह्य धरायचे.

१९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांचा विद्युत स्टार्टर आला आणि बॅटरीपुढे निराळी कसोटी उभी राहिली. इंजिन फिरवण्यासाठी काही क्षण शेकडो अँपिअर प्रवाह लागतो. पट्ट्या झिजलेल्या असल्या, तरी विश्रांतीत व्होल्टेज १२.६ दिसू शकते. भार पडताच ते कोसळते. म्हणून भारचाचणी आली : २१ अंश सेल्सिअसच्या आसपास, बॅटरीच्या शीत-प्रारंभ प्रवाहाच्या निम्मा भार १५ सेकंद दिल्यावर व्होल्टेज ९.६ च्या खाली जाता कामा नये. चार्ज करूनही बॅटरी साडेदहाच्या आसपास अडकली, तर सहापैकी एक सेल शॉर्ट झाल्याची शंका घ्यावी.

चार्जिंगचे काम तेव्हा डायनॅमो करीत असे. मंद गतीला त्याचे व्होल्टेज बॅटरीपेक्षाही कमी असे. प्रवाह उलटा वाहू नये म्हणून 'कटआउट' जोडणी तोडून टाकी. भारतात अँबेसेडर आणि फिएटच्या जुन्या पिढीने हेच तंत्र वापरले. रात्री दिवे लावून सिग्नलवर उभ्या राहिलेल्या गाडीत बॅटरी खर्ची पडणे हा तेव्हा बिघाड नव्हताच.

चित्र पालटले ते सिलिकॉन डायोडमुळे. १९६० च्या क्रायस्लर व्हॅलियंटमध्ये अल्टरनेटर आला आणि पुढे तो सर्वत्र रूढ झाला. मंद गतीलाही पुरेशी वीज मिळू लागली आणि १३.८ ते १४.४ व्होल्ट हा पाठ्यपुस्तकी पट्टा ठरला. बॅटरी भरायची तर व्होल्टेज तिच्या स्वतःच्या व्होल्टेजपेक्षा पुरेसे जास्त हवे. पण सेलमागे २.४ व्होल्ट ओलांडले की पाण्याचे विघटन वाढून वायू सुटू लागतो. ही मर्यादा तापमानावर अवलंबून असते. तापमान अंशागणिक वाढते तसे १२ व्होल्टच्या बॅटरीला योग्य चार्जिंग व्होल्टेज सुमारे २० ते ३० मिलिव्होल्टने घटते. म्हणून लेहच्या हिवाळ्यात उचित असलेले १४.८ व्होल्ट नागपूरच्या मे महिन्यात बॅटरीतले पाणी आटवतील.

या काळाने नवे दोषही आणले. एखादा डायोड निकामी झाला, तर सरासरी व्होल्टेज फारसे बिघडलेले दिसत नाही, पण त्यावरील तरंग वाढतात. मल्टिमीटर एसीवर ठेवून बॅटरीवर अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसले, तर डायोड तपासावेत. अल्टरनेटरवर १४.३ आणि बॅटरीवर १३.४ दिसत असतील, तर दोष बहुधा गंजलेल्या जोडणीत किंवा अर्थिंगमध्ये असतो. अल्टरनेटर बदलून तो जाणार नाही.

तिसरा काळ संगणकाचा. बॅटरीच्या ऋण टोकावरील संवेदक प्रवाह, व्होल्टेज आणि तापमान मोजतो. गाडी वेग कमी करते तेव्हा चार्जिंग व्होल्टेज १५ च्या जवळ जाऊ शकते. एकसमान वेगात ते १२.८ पर्यंत उतरते, कारण तेवढे इंधन वाचते. वेग कमी होताना मिळणारी ऊर्जा साठवायला जागा राहावी म्हणून काही प्रणाली बॅटरी मुद्दाम सुमारे ८० टक्केच भरतात. भारतात २०१५ मध्ये मारुती सुझुकी सियाझच्या सौम्य-संकर आवृत्तीने वेग कमी होताना वीज साठवण्याचे तंत्र परिचित केले. अशा गाडीत एका मापनावर निकाल देता येत नाही. दिवे आणि पंखा लावून व्होल्टेज कसा प्रतिसाद देते ते पाहावे लागते. संगणकाने मागितलेले आणि प्रत्यक्ष मिळालेले व्होल्टेज स्कॅनरवर ताडून पाहावे लागते.

हा प्रश्न केवळ वाहनमालकाच्या खिशाचा नाही. मोटारीच्या बॅटरीत कित्येक किलो शिसे असते आणि ते मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक आहे. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापरात आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. तरी उघड्यावर शिसे वितळवणाऱ्या भट्ट्यांचा धोका कायम आहे. चुकीच्या निदानाने बदललेली प्रत्येक बॅटरी या साखळीत वेळेआधीच शिरते. ते टाळण्यासाठी लागते एक साधे मल्टिमीटर आणि चार मापने : विश्रांतीत, स्टार्टर फिरताना, इंजिन मंद असताना आणि पूर्ण भार दिल्यावर. ही चारही मापने गाडीचे तंत्र कोणत्या पिढीचे आहे हे आधी पाहूनच वाचायची असतात.