कॉपी केलेली अक्षरं

काही वर्षांपूर्वी दशलक्षण पर्वासाठी आम्ही बायकांनी एक छोटी पुस्तिका काढायची ठरवली. पांढुर्ण्यातल्या एका दुकानात मजकूर टाइप करून घेतला. मराठी अक्षरं सुरेख उमटली होती. फॉन्ट कुठला म्हणून सहज विचारलं, तर तिथला पोरगा म्हणाला, "काकू, नागपूरहून सीडी कॉपी करून आणली. विकत कोण घेते इथं?"

पुस्तिकेचं पहिलंच प्रकरण अचौर्य अणुव्रताचं होतं! पण पर्व तोंडावर आलेलं. पुस्तिका तशीच छापली.

ही चोरी तशी जुनीच. 1976 साली बिल गेट्स यांनी हौशी संगणकवाल्यांना उघडं पत्र लिहून हीच तक्रार केली होती. आपल्याकडे 1984 साली कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतींमध्ये धरला गेला. म्हणजे कादंबरी आणि प्रोग्राम एकाच रांगेत. 1994 च्या दुरुस्तीनं चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणंसुद्धा गुन्हा ठरलं. तत्त्वार्थसूत्रात तर अचौर्याच्या अतिचारांत चोरीचा माल घेणं आणि नकली माल खपवणं, दोन्ही केव्हाचेच सांगितले आहेत.

मग मनाला टोचत का नाही? सौसरला संत्र्याच्या सौद्यात कुणी गडबड केली तर लगेच बोंब होते, कारण माल कमी भरतो. सीडी कॉपी केली तरी मूळ सीडी जागच्या जागीच राहते. कमी होते ती करणाऱ्याची मजुरी, आणि तो आपल्याला दिसत नाही.

बीएसए ही सॉफ्टवेअर कंपन्यांचीच संघटना. तिच्या पाहणीनुसार 2011 साली जगातलं 42 टक्के सॉफ्टवेअर विनापरवाना होतं, भारतातलं 63 टक्के. 2017 साली हे आकडे 37 आणि 56 वर आले. आपण सुधारलो म्हणावं, तर तेवढंच खरं नाही. आता युनिकोड मराठी संगणकात आयतंच येतं, लिब्रेऑफिससारखी सॉफ्टवेअरं फुकट मिळतात. सरळ वाट स्वस्त झाली की चोरवाटेची गरज कमी होते.

आमची पुढची पुस्तिका युनिकोडमध्ये निघाली. क्षमावाणीला आम्ही ओळखी-अनोळखी सगळ्यांची क्षमा मागतो. पहिल्या पुस्तिकेतल्या अक्षरांना ज्यानं वळण दिलं, त्याची मात्र अजून मागायची राहिली आहे.