दहा खाटांचे घर

लंडनच्या बालरुग्णालयाचा इतिहास मी वाचायला घेतला तो डिकन्सपायी. अडकलो मात्र एका आकड्यात. १८४३ साली लंडनच्या सगळ्या रुग्णालयांत मिळून २,३०० हून अधिक रुग्ण होते. त्यांत दहा वर्षांखालची मुले फक्त २६. मुले आजारी पडत नव्हती असे थोडेच! पण ती साथ आणतील या भीतीने रुग्णालये त्यांना सहसा दाखल करून घेत नसत. ती घरीच मरत.

डॉ. चार्ल्स वेस्ट यांनी बरीच खटपट करून १४ फेब्रुवारी १८५२ रोजी ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरच्या एका जुन्या घरात दहा खाटा मांडल्या. (पॅरिसला असे रुग्णालय १८०२ सालीच निघाले होते.) डिकन्सने लगेच आपल्या साप्ताहिकात त्यावर लेख छापला. १८५८ मध्ये पैशांची चणचण भासली, तेव्हा त्याने ‘अ ख्रिसमस कॅरोल’चे जाहीर वाचन केले. त्या वर्षी जमलेल्या पैशांतून शेजारचे घर घेता आले. २० खाटांच्या ७५ झाल्या.

१९२९ साली, म्हणजे आपल्या परळचे वाडिया बालरुग्णालय उघडले त्याच वर्षी, जे. एम. बॅरी यांनी ‘पीटर पॅन’चे हक्क या रुग्णालयाला देऊन टाकले. १९८७ अखेर त्यांची मुदत संपली. तेव्हा माजी पंतप्रधान कॅलहन यांनी दुरुस्ती सुचवली आणि १९८८ च्या कायद्याने ब्रिटनपुरते मानधन रुग्णालयाला कायमचे मिळाले. त्यातून किती पैसा येतो, हे बॅरींच्या इच्छेनुसार रुग्णालय कुणाला सांगत नाही.